विजेच्या वायरीतून इंटरनेट, लॅन केबल की मेश वायफाय? बेळगावकडच्या घरांसाठी तुलना

शहापुरात माझ्या मावशीचं घर आहे. रस्त्यावरून बघितलं तर जेमतेम बारा फूट रुंद, आत मात्र ऐंशी फूट खोल. पुढे सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, उघडं परसू आणि सगळ्यात शेवटी मागाची खोली. माग बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता त्या खोलीत मावसभाऊ टेबल टाकून बसतो आणि पुण्यातल्या कंपनीचं काम करतो. फायबरचा डबा सोप्यात खिडकीच्या वर आहे, कारण बाहेरची वायर तिथूनच आत आली. मागच्या खोलीत वायफायची एक काडी दिसायची आणि मीटिंगमध्ये त्याचा आवाज तुटायचा.

दुसरं घर मामाचं. खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. चिऱ्याच्या दीड फुटी भिंती, वर कौलं, माळ्यावर एक खोली. मामेबहीण तिथे अभ्यासाला बसते. राउटर खाली सोप्यात. दोन भिंती आणि फळ्यांचा माळा ओलांडेपर्यंत वायफायचा जीव जातो.

दोन्ही घरांत नेटवर्क मीच बसवलं, आणि दोन्हीकडे पहिली अट एकच होती. मावशी म्हणाली, "रंग आत्ताच दिलाय, एक भोक पाडायचं नाही." मामाचं म्हणणं असं, की चिरा एकदा फोडला की आषाढात पाणी तिथूनच आत येणार. म्हणून दोन्ही घरांसाठी मी पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी आणली. भिंतीत वायर आधीच आहे, तिच्यातूनच इंटरनेट न्यायचं. एका घरात ती जोडी चालली नाही, दुसऱ्यात आजही चालू आहे. असं का झालं ते सांगितलं, तर तुमच्या घरासाठी काय घ्यावं हे ठरवायला मदत होईल.

तीन वाटा

पॉवरलाइनचा एक अडॅप्टर राउटरजवळच्या सॉकेटात बसतो आणि छोट्या लॅन केबलने राउटरला जोडला जातो. दुसरा लांबच्या खोलीत बसतो, त्यातून लॅन केबल किंवा वायफाय निघतं. घरातली वीज ५० हर्ट्झची. अडॅप्टर त्याच तारेवर २ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपला सिग्नल चढवतो. नव्या पिढीचे अडॅप्टर ८६ मेगाहर्ट्झपर्यंत जातात. मावशीने हे ऐकून विचारलं, "त्या वायरीतनं करंट शिरणार नाही न्हवं कॉम्प्युटरात?" शिरत नाही. आत कपॅसिटर आणि छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो वरचे वेगवान सिग्नलच पलीकडे सोडतो.

यात मुख्य दोन जाती आहेत. होमप्लग एव्ही २००५ मध्ये २०० एमबीपीएसच्या आकड्याने आलं, २०१० मध्ये त्यावर आधारलेलं आयईईई १९०१ हे मानक झालं, पुढे एव्ही२ आलं. दुसरी जात जी.एचएन. या दोघांची भाषा वेगळी आहे. कोणाकडून जुना एक आणि बाजारातून नवा एक असं जमवायला गेलात आणि जाती वेगळ्या निघाल्या, तर ते एकमेकांशी बोलणार नाहीत. जोडीच घ्या.

लॅन केबलबद्दल फार सांगायला नको. कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट बिनतक्रार नेते. फक्त तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते. ती वाकवली की तुटते, आणि तिच्यातून कॅमेऱ्याला वीज दिली तर गरम होते.

मेश म्हणजे दोन-तीन वायफायचे डबे, जे आपसात बोलून एकच नेटवर्क पसरवतात. साध्या रिपीटरपेक्षा मेश बरं. एकाच रेडिओवर ऐकायचं आणि त्याच रेडिओवर पुढे सांगायचं, यात रिपीटरचा निम्मा वेग जातो. मेशचे चांगले डबे आपसातल्या बोलण्यासाठी वेगळा पट्टा ठेवतात. तरी मधल्या भिंती त्यांनाही ओलांडाव्याच लागतात.

केबल टीव्हीच्या जाड वायरीवरून इंटरनेट नेण्याचीही एक पद्धत आहे. आपल्याकडे तिचं सामान दुकानात मिळत नाही, म्हणून ती बाजूला ठेवतो.

डब्यावरचा आकडा आणि हाती येणारा

पॉवरलाइनच्या डब्यावर ६००, १०००, २००० असे आकडे असतात. तो आदर्श वायरीवरचा, जाण्या-येण्याचा मिळून कच्चा वेग असतो. घरात त्याचा पाव हिस्सा मिळाला तरी वायरिंग चांगलं समजायचं. आणखी एक गोष्ट लोक बघत नाहीत: ५०० आणि ६०० लिहिलेल्या बऱ्याच अडॅप्टरांचं लॅनचं भोक १०० एमबीपीएसचंच असतं. वायर कितीही चांगली असो, त्याच्या वर काही येणार नाही. तुमचं कनेक्शन २०० किंवा ३०० चं असेल, तर गिगाबिट पोर्ट असलेलीच जोडी घ्या.

दोन्ही घरांत कनेक्शन १०० एमबीपीएसचं आणि जोडीही एकाच मॉडेलची, ६०० वाली. मामाकडे खालच्या सोप्यातून माळ्यावर ५० ते ६० मिळाले. मिक्सर लावला की तिशीवर आले, मिक्सर थांबला की परत वर. मावशीकडे सोपा ते माजघर साठच्या आसपास मिळाले. पण मागाच्या खोलीत बारा-चौदा, आणि मधूनच दुवा तुटायचा. व्हिडिओ मीटिंगला बारा एमबीपीएस पुरतात, पण दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट गायब होणारे बारा पुरत नाहीत.

घरून काम करणाऱ्याने वेगाइतकंच पिंगकडे, म्हणजे उत्तर परत यायला लागणाऱ्या वेळेकडे बघावं. संगणकावर कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून राउटरच्या पत्त्याला, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ ला, पाच-दहा मिनिटं सतत पिंग लावून ठेवा. केबलवर उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत येतं, आणि हलत नाही. पॉवरलाइनवर दोन ते पाच. वायफायवर कधी दोन, कधी तीस, शेजारच्यांनी काय लावलंय त्यावर. मध्ये "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" अशा ओळी दिसू लागल्या, की मीटिंगमध्ये आवाज तुटण्याचं कारण सापडलं.

मागाच्या खोलीत काय बिनसलं

माझा पहिला संशय शेजारच्या मागांवर होता. आमच्या गल्लीत अजून माग चालतात, खडखडाट दिवसभर. पण मागाची मोटर इंडक्शनची असते, तिच्यात ब्रश नसतात. ती वायरीवर फारसा कचरा टाकत नाही, चालू-बंद होताना तेवढी एक ठिणगी. खरा त्रास निघाला टेबलावर. मावसभावाचा एक बिनकंपनीचा मोबाइल चार्जर त्याच बोर्डात अडॅप्टरशेजारी लावलेला होता. तो काढला की अडॅप्टरवरचा दिवा लालचा पिवळा व्हायचा. लावला की पुन्हा लाल. आम्ही दोघांनी तीन-चारदा करून बघितलं, दर वेळी तसंच. स्वस्त चार्जर, स्वस्त एलईडी बल्ब, दिव्याचा डिमर, ब्रशवाला मिक्सर आणि ड्रिल ही पॉवरलाइनची खरी दुखणी आहेत. अडॅप्टर लावाल त्या बोर्डात चार्जर ठेवू नका.

चार्जर काढूनही दुवा तुटायचा थांबला नाही. मग वायरमनला बोलावून मेन बोर्ड उघडला, तेव्हा कळलं. मागाच्या खोलीला माग चालवायला थ्री फेज घेतलेलं होतं, वेगळ्या मीटरवर, वेगळ्या आर.आर. नंबरने, म्हणजे बिलावरच्या वेगळ्या ग्राहक क्रमांकाने. पुढचं घर दुसऱ्या मीटरवर, सिंगल फेज. मागच्या सॉकेटात जो फेज होता तो पुढच्या घरातला नव्हता. म्हणजे सिग्नलला पुढच्या मीटरमधून बाहेर जाऊन, तारांच्या शेजारपणामुळे एका फेजवरून दुसऱ्यावर थोडाफार उडी मारत, मागच्या मीटरमधून आत यावं लागत होतं. एवढा फेरा मारून बारा एमबीपीएस पोचत होते, हेच नवल.

मामाकडे एक मीटर, एक फेज, एक मेन स्विच. वायरिंग जुनं, लाकडी पट्टीवरचं, किटकॅट फ्यूज अजून तसेच आहेत. तरी खालून वर वायर सरळ गेलेली, मध्ये फाटे कमी. पॉवरलाइनला वायर नवी की जुनी यापेक्षा ती सलग आहे का, हे जास्त महत्त्वाचं असतं.

पॉवरलाइन घेण्याआधी म्हणून एकच प्रश्न वायरमनला विचारा: दोन्ही सॉकेट एकाच मीटरवर आणि एकाच फेजवर आहेत का? टिळकवाडी, हनुमाननगरकडच्या नव्या बंगल्यांत थ्री फेज घेऊन खालचा मजला एका फेजवर आणि वरचा दुसऱ्यावर टाकलेला असतो. तिथे उत्तर बहुतेक "नाही" असंच येतं. सुदैवाने अशा नव्या घरांत रिकामे पाइप असतात, केबल ओढणं सोपं जातं.

पिना, अर्थिंग, स्पाइक गार्ड

हे तीन मुद्दे दुकानदार सांगत नाही.

पॉवरलाइनच्या बऱ्याच जोड्या युरोपच्या पिनांच्या येतात. त्यांची पिन ४ मिलिमीटरची, काही जाड मॉडेलांची ४.८. आपल्या पाच-सहा अँपिअरच्या सॉकेटाची भोकं ५.१ मिलिमीटरच्या पिनेसाठी. दोन पिनांमधलं अंतर मात्र दोन्हींत तेच, त्यामुळे अडॅप्टर आत शिरतो, बसल्यासारखा वाटतो आणि हलतो. सैल पिनेवर ठिणग्या उडतात, सॉकेट काळं पडतं. मामाकडचं जुनं सॉकेट काढून सगळ्या पिना घट्ट धरणारं नवं बसवलं, तेव्हाच मी तिथे अडॅप्टर कायमचा लावला. ब्रिटनच्या चौकोनी पिनांची जोडी तर घेऊच नका.

एव्ही२ चे महागडे अडॅप्टर फेज आणि न्यूट्रलबरोबर अर्थिंगची तारही वापरतात, त्यातून वेग वाढतो. जुन्या घरांत तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. तिथे १००० च्या वरचा अडॅप्टर घेऊन जास्तीचे पैसे फुकट जातात. आधी अर्थिंग करून घ्या. ते इंटरनेटसाठी नसलं तरी घरातल्या माणसांसाठी हवंच.

स्पाइक गार्डच्या पट्टीत अडॅप्टर लावू नका. वायरीवरचे वेगवान सिग्नल गाळणं हेच त्या पट्टीचं काम, आणि आपला सिग्नल त्यातच गाळला जातो. अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटातच हवा.

वीज गेली तर, आणि वळीव आला तर

आपल्या भागात इंटरनेटचा विचार इन्व्हर्टरशिवाय होत नाही. खानापूरच्या पश्चिमेला पावसाळ्यात झाड तारेवर पडलं की वीज यायला दिवस लागतो. इथे तिन्ही वाटा अगदी वेगळ्या वागतात.

केबलला वीज लागत नाही. राउटर आणि लॅपटॉप चालू असले की पुरे. राउटर आणि फायबरच्या डब्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावला की मोठ्या इन्व्हर्टरचीही गरज उरत नाही. मेशच्या प्रत्येक डब्याला वीज हवी, पण तो कुठल्या वायरीवर आहे याने फरक पडत नाही. एक इन्व्हर्टरवर आणि दुसरा छोट्या यूपीएसवर असला तरी चालतो. पॉवरलाइनला मात्र दोन्ही टोकं त्याच जिवंत वायरीवर लागतात. घरात इन्व्हर्टरची लाइन सहसा वेगळी ओढलेली असते: सोप्यातला एक पंखा, दोन दिवे, टीव्हीचा एक पॉइंट. राउटरकडचा अडॅप्टर त्या लाइनवर आणि दुसरा साध्या लाइनवर असेल, तर वीज गेली की दुवा गेला. दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले तर चालतात, पण स्वस्त स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर वायरीतला कचरा वाढून वेग पडतो. मामाकडे माळ्यावर इन्व्हर्टरची लाइन नव्हती. ती वर नेण्यासाठी वायरमनचा एक दिवस गेला, तोही खर्च पॉवरलाइनचाच धरायला हवा.

आता वीज कोसळण्याचं. एप्रिल-मेमध्ये दुपारी उकडतं, चारला ढग भरून येतात आणि वळीव कडकडाट करत येतो. पॉवरलाइनची अडचण अशी: अडॅप्टर स्पाइक गार्डमागे लावता येत नाही, म्हणून लाइनवरून आलेला झटका सगळ्यात आधी तोच खातो, आणि त्याच्या लॅन केबलमधून तो राउटरपर्यंत जाऊ शकतो. इलाज एक आहे. मेन बोर्डातच सर्ज प्रोटेक्टर बसवून घ्यायचा, म्हणजे सगळ्या घराला संरक्षण मिळतं. पण त्यालाही चांगलं अर्थिंग लागतं. मामा अजून जुनाच नियम पाळतो: गडगडलं की अडॅप्टर, राउटर, टीव्ही सगळ्यांच्या पिना बाहेर. मला तोच सगळ्यात भरवशाचा वाटतो.

घरापासून सुटी इमारत असेल, म्हणजे गोठा, शेतातली खोली, तंबाखूचं गोदाम, तर तांब्याची लॅन केबल उघड्यावरून नेऊ नका. दोन इमारतींमध्ये टांगलेली तांब्याची तार म्हणजे विजेला दिलेली वाट. तिथे ऑप्टिकल फायबर टाका, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरला लॅन केबल जोडून देणारे डबे लावा. काचेतून झटका जात नाही. मोकळं रान असेल, मध्ये झाड नसेल, तर समोरासमोरचे बिनतारी अँटेनेही छान चालतात. पॉवरलाइन तिथे नको. शेतातल्या पंपाचं मीटर वेगळंच असतं.

वायरीला कुंपण नसतं

वायफायला पासवर्ड हवा हे आता सगळ्यांना कळतं. पॉवरलाइनबद्दल लोक म्हणतात, "वायर तर आपल्या भिंतीत आहे." ती भिंतीत असते, पण भिंतीत संपत नाही. ती मीटरमधून खांबावर जाते आणि तिथून शेजारच्या घरात उतरते. मीटर त्या सिग्नलला थोडा दाबतं, अडवत नाही. खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरपलीकडे तो जात नाही, पण त्याच ट्रान्सफॉर्मरवर, त्याच फेजवर, जवळ राहणाऱ्यापर्यंत पोचू शकतो.

हे मी मामाकडे करून बघितलं. मामाच्या आणि चुलत मामाच्या घरात एकच भिंत आहे, दोघांची मीटरं एकाच फळीवर शेजारी-शेजारी. माझ्याकडे त्याच कंपनीचा एक जुना अडॅप्टर होता. नवी जोडी पेटीतून काढून नुसती लावली, बटण काही दाबलं नाही. जोडीचे दिवे लागले, दुवा जुळला. मग तो जुना अडॅप्टर घेऊन चुलत मामाच्या स्वयंपाकघरात गेलो आणि फ्रीजशेजारच्या सॉकेटात लावला. पाच-सात सेकंदांत त्याच्यावरही दुव्याचा दिवा लागला. त्याला लॅपटॉप जोडला आणि मामाच्या राउटरचं पान उघडलं. चुलत मामा मागे उभे राहून बघत होते, ते म्हणाले, "म्हणजे आमचं बिल वाचलं की!" मामा मात्र गंभीर झाला. राउटरचा पासवर्ड अजून पेटीवरचाच होता.

यामागचं कारण साधं आहे. होमप्लग एव्हीमध्ये सगळी माहिती एईएस-१२८ या सांकेतिक पद्धतीने कुलूपबंद होऊनच वायरीवर जाते. जुन्या होमप्लग १.० मध्ये ५६ बिटांचं डीईएस होतं, ते आता कुलूप म्हणण्याच्या लायकीचं राहिलेलं नाही. ते अडॅप्टर कोणी फुकट दिले तरी घेऊ नका. पण एईएसचं कुलूप मजबूत असून उपयोग काय, जर किल्ली सगळ्यांकडे एकच असेल? बरेच अडॅप्टर कारखान्यातून एकाच ठरलेल्या किल्लीने निघतात, म्हणजे लावले की आपोआप जुळावेत. ती किल्ली जगजाहीर आहे. ती बदलणं हे तुमचं पहिलं काम.

बदलायची कशी? दोन्ही अडॅप्टर आधी एकाच खोलीत, जवळजवळच्या सॉकेटात लावा. एकाचं पेअरचं बटण दाबा, दिवा लुकलुकू लागला की दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं दाबा. दोघं मिळून नवी किल्ली तयार करतात आणि तीच वापरतात. मग दुसरा काढून त्याच्या जागी न्या, किल्ली वीज गेली तरी टिकते. बटण किती सेकंद दाबायचं ते मॉडेलागणिक बदलतं, आणि फार वेळ दाबलं की बऱ्याच अडॅप्टरांत उलट कारखान्याची किल्ली परत येते. म्हणून पुस्तिका हातात ठेवूनच करा.

याहून पक्कं म्हणजे कंपनीचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकून नेटवर्कला स्वतःचा लांब पासवर्ड देणं. त्याच सॉफ्टवेअरमध्ये जुळलेल्या अडॅप्टरांची यादी दिसते. घरात दोन असतील तर यादीत दोनच दिसायला हवेत; तिसरा दिसला तर पासवर्ड लगेच बदला. मामाकडे किल्ली बदलल्यावर मी परत चुलत मामाच्या स्वयंपाकघरात गेलो. तोच अडॅप्टर, तेच सॉकेट. दुव्याचा दिवा लागला नाही. दहा मिनिटं थांबलो, तरी नाही.

अडॅप्टरच्या पाठीवर चार-चार अक्षरांच्या चार गटांचा एक पासवर्ड छापलेला असतो. तो त्या एका यंत्राचा असतो, आणि तो ज्याच्याकडे आहे त्याला वायरीवरूनच त्या अडॅप्टरची किल्ली बदलता येते. दुरुस्तीसाठी म्हणून पाठीचा फोटो कोणाला पाठवू नका, विकताना किल्ली पुसून द्या. काही उत्पादकांनी हा पासवर्ड यंत्राच्या मॅक पत्त्यावरूनच, म्हणजे नेटवर्कवरच्या त्याच्या ओळख क्रमांकावरून, बनवलेला होता आणि तो बाहेरून काढता येत होता, हे २०१४ मध्ये सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणून फार जुनी मॉडेलं टाळा, आणि नव्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करा.

लांबचा अडॅप्टर वायफायवाला असेल तर त्याचं स्वतःचं पान असतं, त्यालाही कारखान्याचा पासवर्ड असतो. तो बदला. त्याच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड राउटरचाच ठेवलात तर फोन आपोआप इकडून तिकडे जातो. आणि लक्षात ठेवा, पॉवरलाइनची किल्ली फक्त वायरीचा तुकडा राखते. अडॅप्टरच्या लॅनच्या भोकात जो केबल खुपसेल तो आत आला. म्हणून ओसरीवर, दुकानाच्या गाळ्यात, भाडेकरूच्या खोलीत अडॅप्टर लावू नका.

या बाबतीत केबल सगळ्यात शांत. घरात शिरल्याशिवाय कोणी तिला हात लावू शकत नाही. फक्त अंगणातल्या कॅमेऱ्यासाठी बाहेर काढलेलं टोक तेवढं बघायचं. मेश आणि वायफाय रस्त्यापर्यंत ऐकू जातात, पण त्यांची कुलपं लोकांना माहीत आहेत: डब्ल्यूपीए३ मिळत असेल तर ते, नाहीतर डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय) बंद, आणि डब्याच्या चिकटपट्टीवरचा पासवर्ड बदललेला. भाडेकरू असतील तर त्यांना गेस्ट नेटवर्क द्या. मेशमध्ये ते दोन मिनिटांत होतं. पॉवरलाइनच्या वायरीवर असा वेगळा कप्पा सहसा करता येत नाही. एका वाड्यात दोन बिऱ्हाडं असतील, तर मला हे एकच कारण पॉवरलाइनच्या विरोधात पुरेसं वाटतं.

पैसे आणि युनिट

दर सारखे हलतात, म्हणून क्रम सांगतो. सामानात केबल सगळ्यात स्वस्त, पण वायरमनची मजुरी आणि भिंतीचं काम वेगळं. पॉवरलाइनची जोडी त्याच्या वर. चांगलं मेश सगळ्यात महाग. पॉवरलाइनची जोडी बेळगावच्या दुकानांत सहज मिळत नाही, मागवावी लागते; म्हणून परत करण्याची मुदत बघूनच घ्या आणि त्या मुदतीतच रात्री, दुपारी, मिक्सर चालू असताना, असं सगळं तपासा.

विजेचा हिशेब लहान आहे, पण गृहज्योतीवाल्या, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेतल्या घरात तो विचारला जातो, कारण तिथे आधीच्या सरासरीवर ठरलेली मर्यादा असते. अडॅप्टर तीन-एक वॉट खातो. दोन अडॅप्टर दिवसरात्र चालू ठेवले तर महिन्याला सव्वाचार युनिटच्या आसपास. मेशचे दोन डबे आठ-आठ वॉटचे धरले तर साडेअकरा. केबल शून्य.

आजोबांच्या जुन्या रेडिओचीही एक चौकशी करा. पॉवरलाइनचा पट्टा लघुलहरींवर येतो, त्या ऐकणाऱ्याला खरखर येईल. धारवाड आणि सांगली केंद्रं मध्यम लहरीवरची, ती या पट्ट्याच्या खाली आहेत.

शेवटी काय लावलं

मावशीकडे एका मित्राचं मेश आणून आठवडाभर चालवलं. घर लांब असलं तरी सगळी दारं एका रेषेत आहेत, त्यामुळे स्वयंपाकघरातला डबा दोन्हीकडे बघू शकत होता. मागच्या खोलीत चाळीसच्या वर मिळत होते. अशा सरळ घराला, भाड्याने राहणाऱ्याला किंवा फोनवरच सगळं करणाऱ्याला मी मेश सुचवीन. पण मावसभावाला दिवसभर मीटिंगा, आणि स्वयंपाकघरात इन्व्हर्टरची लाइन नाही. वीज गेली की मधला डबा बंद, आणि तो पुन्हा अडकला.

मग एका रविवारी मी सोप्यातल्या खिडकीच्या चौकटीपाशी स्टुलावर चढून बघत होतो. चौकटीच्या कोपऱ्यात रंगाखाली बुजलेलं एक भोक दिसलं. जुन्या केबल टीव्हीची काळी वायर तिथून बाहेर जाऊन पागोळीखालून परसाकडे गेली होती, मागाच्या खोलीत एकेकाळी टीव्ही होता म्हणून. ती वायर कापून काढली, त्याच वाटेने बाहेरच्या पाइपात तीस मीटर तांब्याची कॅट ६ घातली. जोडणी एकाच छपराच्या ओळीत आहे, मोकळ्यावर टांगलेली नाही, म्हणून तिथे फायबरची गरज वाटली नाही. मागच्या खोलीत ९४ एमबीपीएस आले, पिंग एक मिलिसेकंदाच्या आत. मावशीने भिंती फिरून बघितल्या. नवं भोक एकही नव्हतं.

तुमच्याही घरात आधी ते बघा: केबल टीव्हीची, जुन्या टेलिफोनची, डिशच्या वायरीची भोकं. मावशीकडची पॉवरलाइनची जोडी किल्ली पुसून खानापूरला नेली. तिच्यातला एक अडॅप्टर मामाच्या मागच्या पडवीतल्या खोलीत लावला, त्याच फेजवर, नव्या किल्लीने, आणि यादीत आता तीन दिसतात. दुसरा एखादा बिघडला तर बदलायला कपाटात आहे.